अंतराळातलं लेसर दळणवळण: ऑप्टिकल इंजिनिअर म्हणून या कामात कसं शिरायचं

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी नासाच्या सायकी यानावरच्या लेसरने पृथ्वीशी पहिला संपर्क साधला, तेव्हा यान सुमारे १.६ कोटी किलोमीटर दूर होतं. महिनाभराने, ११ डिसेंबरला, ३.१ कोटी किलोमीटरवरून सेकंदाला २६७ मेगाबिट वेगाने एका मांजराचा व्हिडिओ आला. डिसेंबर २०२४ मध्ये हाच दुवा ४९.४ कोटी किलोमीटरवरूनही जुळला. या प्रयोगाचं नाव डीप स्पेस ऑप्टिकल कम्युनिकेशन्स, म्हणजे डीसॉक. त्याआधी २०१३ मध्ये लाडी या यानाने चंद्राजवळून ६२२ मेगाबिटचा वेग गाठला होता, आणि युरोपात २०१६ पासून ईडीआरएस या माहिती पुढे पोहोचवणाऱ्या यंत्रणेचे उपग्रह खालच्या कक्षेतल्या उपग्रहांकडून लेसरनेच माहिती घेतात. हे क्षेत्र आता प्रयोगशाळेबाहेर पडलं आहे आणि त्याला माणसं हवी आहेत.

हा लेख इंजिनिअरिंगच्या शेवटच्या दोन वर्षांत असलेल्यांसाठी, फिजिक्समध्ये एमएस्सी करणाऱ्यांसाठी, आणि फायबर किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीत काम करता करता इकडे वळू पाहणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढा असं माझं सांगणं आहे, कारण बहुतेक जण उलट सुरुवात करतात: आधी लेन्स डिझाइनचं सॉफ्टवेअर, मग पदवी, मग नोकरीचा शोध, आणि फोटॉनचा हिशेब अगदी शेवटी. हे काम मुळात त्या हिशेबाचंच आहे.

पायरी १: कागदावर लिंक बजेट मांडा

लिंक बजेट म्हणजे पाठवलेल्या प्रकाशातला किती दुसऱ्या टोकाला पोहोचतो याचा जमाखर्च. संगणक बंद ठेवा. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे.

प्रकाशाची शलाका कितीही सरळ केली तरी ती पसरते. किती, हे ढोबळमानाने तरंगलांबी भागिले दुर्बिणीचा व्यास यावरून कळतं. डीसॉकच्या यानावरची दुर्बीण २२ सेंटिमीटरची आणि लेसर १,५५० नॅनोमीटरचा. भागाकार येतो सुमारे ७ मायक्रोरेडियन. यान १५ कोटी किलोमीटरवर आहे असं धरा, म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर. गुणाकार केला की पृथ्वीपाशी प्रकाशाचा ठिपका सुमारे १,०५० किलोमीटर रुंद होतो. त्याचं क्षेत्रफळ जवळपास ८.७ लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पावणेतीन पट. फार मोठं वाटतं ना? आता तोच हिशेब रेडिओसाठी करा. तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटर, यानावरची अँटेना ३ मीटरची. ठिपका येतो १७-१८ लाख किलोमीटर रुंद, म्हणजे पृथ्वी ते चंद्र या अंतराच्या चौपटीहून जास्त. लेसरचा सगळा फायदा या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे. तोटाही तिथेच आहे, त्याकडे पुढच्या पायरीत येतो.

आता फोटॉन मोजा. १,५५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा १.२८ गुणिले १० चा उणे १९ वा घात, इतके ज्यूल. डीसॉकचा लेसर सरासरी ४ वॅटचा, म्हणजे दर सेकंदाला ३ गुणिले १० चा १९ वा घात इतके फोटॉन यानातून निघतात. खाली ते पकडायला पालोमार वेधशाळेची हेल दुर्बीण, जिचा आरसा ५.१ मीटरचा आणि क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मीटर. ८.७ लाख चौरस किलोमीटरमध्ये २० चौरस मीटर. म्हणजे दर ४,३०० कोटी फोटॉनपैकी एक आपल्या वाट्याला येतो. डेसिबलमध्ये हा तोटा १०६ डीबी. उरतात सेकंदाला सुमारे ७० कोटी फोटॉन.

हे आदर्श परिस्थितीत. आरशांवरचे लेप, वातावरण, नेम साधण्यातली चूक, डिटेक्टरची कार्यक्षमता, सगळ्यांचा वाटा वजा करा. सगळं मिळून दहापट तोटा धरला तर ७ कोटी फोटॉन उरतात. एप्रिल २०२४ मध्ये २२.६ कोटी किलोमीटरवरून डीसॉकने सेकंदाला २५ मेगाबिट पाठवले. तुमचा हिशेब त्या अंतराला लावून पाहा: सुमारे ३ कोटी फोटॉन हाती येतात आणि त्यातून अडीच कोटी बिट. एका फोटॉनमागे जवळजवळ एक बिट! अर्ध्या तासाच्या अंकगणिताने तुम्ही प्रत्यक्ष मोहिमेच्या आकड्याजवळ पोहोचता, याचा आनंद मला आजही होतो.

फोटॉन इतके मोजके असताना बिट कसे पाठवायचे? लेसर चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०, ही साधी पद्धत इथे परवडत नाही. त्याऐवजी वेळेचे १२८ छोटे कप्पे करायचे आणि त्यातल्या एकाच कप्प्यात प्रकाशाचा एक स्पंद, म्हणजे पल्स, पाठवायचा. तो कुठल्या कप्प्यात आला यावरून एकदम ७ बिट कळतात. याला पल्स पोझिशन मॉड्युलेशन म्हणतात. खाली एकेक फोटॉन टिपण्यासाठी अतिवाहक नॅनोतारांचे डिटेक्टर असतात आणि ते निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवावे लागतात. ऑप्टिकल इंजिनिअरला कोडिंगचं गणित तळापर्यंत येण्याची गरज नाही, पण मॉड्युलेशनची माणसं काय मागतात हे समजलं पाहिजे.

सरावासाठी चंद्राचं उदाहरण स्वतः सोडवा: अर्धा वॅट लेसर, १० सेंटिमीटरची दुर्बीण, अंतर ३.८४ लाख किलोमीटर, खाली ४० सेंटिमीटरच्या चार दुर्बिणी. ठिपका ६ किलोमीटरच्या आसपास आला पाहिजे. नाही आला तर शून्यं तपासा. नंतर हाच तक्ता पायथनमध्ये लिहा, प्रत्येक तोट्याची वेगळी ओळ करा, आणि प्रत्येक ओळीपुढे हा आकडा कुठून आला ते नोंदवा. ही नोंद असलेला तक्ता मुलाखतीला घेऊन येणारा उमेदवार लगेच वेगळा दिसतो.

पायरी २: नेम साधण्याचं दुखणं समजून घ्या

शलाका ७ मायक्रोरेडियन रुंद असेल तर नेम तिच्या दहाव्या हिश्श्याइतका तरी स्थिर हवा, म्हणजे ०.७ मायक्रोरेडियन. एक किलोमीटरवरच्या भिंतीवर तो ठिपका पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी हलला पाहिजे. आणि हे सगळं अशा यानावर, ज्यात दिशा राखण्यासाठी चाकं फिरतात, पंप चालतात, ऊन-सावलीने सांगाडा आकुंचन-प्रसरण पावतो.

हे काम दोन थरांत होतं. ढोबळ दिशा यान किंवा गिंबल, म्हणजे दुर्बीण फिरवणारी चौकट, देतं. बारीक दुरुस्ती एका छोट्या, वेगाने झुकणाऱ्या आरशाने होते, ज्याला फास्ट स्टिअरिंग मिरर म्हणतात. डीसॉकमध्ये तर दुर्बिणीसकट सगळी रचना यानापासून कंपनरोधक आधारांवर जवळजवळ तरंगती ठेवली होती. नेम कशाकडे धरायचा? कॅलिफोर्नियातल्या टेबल माउंटनवरून १,०६४ नॅनोमीटरचा शक्तिशाली लेसर यानाकडे सोडला जायचा, यानावरचा फोटॉन मोजणारा कॅमेरा त्या बीकनला, म्हणजे खुणेच्या प्रकाशाला, पकडून ठेवायचा आणि त्याच्या संदर्भाने यान स्वतःचा लेसर सोडायचं.

पण सरळ बीकनच्या दिशेने नाही. १५ कोटी किलोमीटर यायला प्रकाशाला ५०० सेकंद लागतात आणि परत जायला तितकेच. या हजार सेकंदांत पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे ३०,००० किलोमीटर पुढे सरकते, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त. यानाला पृथ्वी दिसते ती जुन्या जागी, आणि नेम धरायचा असतो पुढे ती जिथे असेल तिथे. या पॉइंट-अहेड कोनाचं सूत्र सोपं आहे: आडव्या वेगाची दुप्पट भागिले प्रकाशाचा वेग. ३० किलोमीटर प्रति सेकंदाला तो २०० मायक्रोरेडियन येतो, म्हणजे शलाकेच्या रुंदीच्या जवळपास तीसपट. पृथ्वीजवळच्या उपग्रहाला साडेसात किलोमीटरच्या वेगासाठी ५० मायक्रोरेडियन.

यातूनच ऑप्टिकल इंजिनिअरची रोजची डोकेदुखी निघते. येणारा आणि जाणारा प्रकाश एकाच दुर्बिणीतून, पण किंचित वेगळ्या कोनात. जाणारा ४ वॅटचा, येणारा त्याच्या तुलनेत नगण्य. जाणाऱ्याचा अगदी लहानसा अंश जरी एखाद्या आरशावरच्या धुळीवरून उलटा फिरला तरी कॅमेरा आंधळा होतो. म्हणून पाठवण्याची आणि घेण्याची तरंगलांबी वेगळी ठेवतात, त्यांना वेगळं करणारे डायक्रोइक लेप लावतात, आणि स्वच्छतेसाठी जीव टाकतात. नव्या माणसांना सुंदर लेन्स डिझाइन करायची हौस असते. मी त्यांना आधी विखुरलेल्या प्रकाशाचा हिशेब करायला सांगते, कारण अडचण बहुतेकदा तिथेच सापडते.

पायरी ३: टेबलावर हात चालवा

कॉलेजात ऑप्टिकल टेबल नसेल तरी चालेल. जाड ग्रॅनाइटची फरशी, आरसे धरायला दोन स्क्रूची साधी माउंट, एक मिलिवॅटच्या आतला लाल लेसर, एक चार भागांचा फोटोडायोड आणि एखादा स्वस्त मायक्रोकंट्रोलर. करायचं एवढंच: एका हलणाऱ्या आरशाने लेसरचा ठिपका फोटोडायोडच्या मध्यावर धरून ठेवायचा, शेजारी कुणी टेबलाला धक्का दिला तरी. आरसा हलवायला व्हॉइस कॉइल (स्पीकरमध्ये असते तशी चुंबकी गुंडाळी) किंवा पिएझो (विजेने किंचित लांब-आखूड होणारा स्फटिक), दोन्ही चालतं. ठिपका किती हलतो ते दुरुस्ती चालू आणि बंद ठेवून मोजा, कुठल्या फ्रिक्वेन्सीला दुरुस्ती हरते ते आलेखावर दाखवा. पदवीच्या प्रोजेक्टसाठी याहून नेमकं काही मला सुचत नाही. यात ऑप्टिक्स आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, कंट्रोल आहे, आणि प्रत्यक्ष मोहिमेतली समस्या छोट्या रूपात जशीच्या तशी आहे.

त्यानंतर सिंगल मोड फायबरमध्ये, म्हणजे प्रकाशाला एकाच वाटेने जाऊ देणाऱ्या बारीक काचतंतूत, प्रकाश शिरवायला शिका. गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. दोन आरसे घ्या. पहिल्याने जागा, दुसऱ्याने कोन, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा, असं पावलापावलाने पुढे जायचं. सुरुवातीला पॉवर मीटरवर काहीच दिसत नाही. अशा वेळी फायबरच्या दुसऱ्या टोकातून दृश्य प्रकाश उलटा सोडा आणि दोन्ही शलाका एकमेकींवर बसवा, रस्ता सापडतो. एक मर्यादा लक्षात ठेवा: दुर्बिणीच्या गोल छिद्रातून आलेला, सगळीकडे सारख्या तीव्रतेचा प्रकाश सिंगल मोड फायबरमध्ये जास्तीत जास्त ८१ टक्केच शिरतो, आणि मध्ये दुय्यम आरशाची सावली असेल तर त्याहूनही कमी. ९५ टक्के आले असं कुणी म्हणालं तर आधी मीटर तपासा.

फायबरच्या कनेक्टरबाबत दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. जोडण्याआधी प्रत्येक वेळी टोक मायक्रोस्कोपखाली पाहायचं आणि पुसायचं. आणि हिरवा, म्हणजे तिरकं घासलेला, कनेक्टर निळ्याला कधीही जोडायचा नाही. वॅटभर शक्ती एका धुळीच्या कणावरून गेली की टोक जळतं, आणि ते टोक एखाद्या महाग अँप्लिफायरचं असलं तर कामाचा आठवडा जातो.

वहीही ठेवा, हाताने लिहिलेली चालेल. प्रत्येक घटकाच्या आधी आणि नंतर किती शक्ती होती याची नोंद करत गेलात तर तोटा नेमका कुठे झाला हे नंतर शोधत बसावं लागत नाही.

डोळे

हा भाग मी पायऱ्यांमध्ये धरत नाही, कारण तो सगळ्यांच्या आधी येतो. १,५५० नॅनोमीटरला लोक डोळ्यांना सुरक्षित म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की तो प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागात शोषला जातो आणि दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाही. पुरेशी शक्ती असेल तर बुबुळाचा पारदर्शक पडदा भाजतो. १,०६४ नॅनोमीटर त्याहून भयंकर: दिसत नाही, पण सरळ दृष्टिपटलावर जाऊन केंद्रित होतो, आणि पापणी मिटायची प्रतिक्षिप्त क्रियाही होत नाही. म्हणून त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा वापरा, हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, शलाका कधीही उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणू नका, खाली वाकून टेबलाच्या पातळीवर डोळे नेऊ नका. कुणी घाईत चष्म्याशिवाय बस म्हणालं तर नाही म्हणा, समोर तुमचे गाईड असले तरी.

पायरी ४: आता सॉफ्टवेअर, आणि चुकांचा हिशेब

झीमॅक्स किंवा कोड-व्ही, जे कॉलेजात मिळेल ते. दोन आरशांची दुर्बीण, तिच्यामागे शलाका बारीक करणारी भिंगं, एवढं एकदा स्वतः उभं करा. पण थांबायचं इथे नाही. प्रत्येक आरसा किती मायक्रॉन सरकला, किती झुकला, तापमान २० अंशांनी बदललं, तर काय होतं ते काढा. एकूण तरंगदोष, म्हणजे प्रकाशाचा तरंग आदर्श आकारापासून किती ढळला ते, तरंगलांबीच्या चौदाव्या भागात राहिला तर प्रतिमा विवर्तनाच्या मर्यादेजवळ धरतात. १,५५० ला तो होतो सुमारे ११० नॅनोमीटर. हे ११० नॅनोमीटर आरशांची घडण, जुळणी, उष्णता, गुरुत्वाकर्षण नसणं, अशा सगळ्यांत वाटून द्यायचे. चुका वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घेऊन जोडतात, सरळ बेरीज करत नाहीत. झेरोडूर, सिलिकॉन कार्बाइड, इन्वार ही नावं इथे भेटतील. कुठला पदार्थ कधी आणि का, हे सांगता आलं पाहिजे.

अंतराळाचे स्वतःचे नियम असतात. साधा गोंद निर्वातात वायू सोडतो आणि तो वायू आरशावर जमतो. किरणोत्साराने काही काच काळवंडते, अँप्लिफायरमधल्या एर्बियम फायबरचा तोटा वाढतो. म्हणून प्रत्येक गोष्ट कंपनाच्या टेबलावर आणि थर्मल व्हॅक्युमच्या टाकीत तपासली जाते. सांगून ठेवते: नव्या इंजिनिअरचं पहिलं वर्ष बहुतेक या टाकीजवळ, चाचणीची कार्यपद्धती लिहिण्यात आणि रात्रपाळीत जातं. ते कंटाळवाणं समजू नका. आरसा खरोखर कसा वागतो हे तिथे कळतं.

पायरी ५: आकाशाचं भान

वातावरणातली खळबळ दुर्बिणीत आलेला प्रकाश चुरगाळते. फोटॉन मोजणारा मोठा डिटेक्टर असेल तर ते बरंचसं चालतं. पण जमिनीवर सिंगल मोड फायबर असेल तर लवचीक आरसा असलेली अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स लागते. हा विषय खगोलशास्त्राकडून आलेला आहे, त्यामुळे पुण्याच्या आयुकासारख्या संस्थेत उपकरणं बनवणाऱ्या गटाबरोबर काम केलेलं थेट उपयोगी पडतं.

ढगांना मात्र उपाय नाही, दुसरी जागा हाच उपाय. नासाच्या एलसीआरडी या उपग्रहामार्फत लेसरने माहिती पोहोचवण्याच्या प्रयोगाची केंद्रं म्हणूनच कॅलिफोर्निया आणि हवाई अशी दूर आहेत. आपल्याकडे हा प्रश्न आणखी तीव्र. जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेला पावसाळ्यात वेध थांबवावे लागतात. उद्या भारताने स्वतःचं लेसर ग्राउंड स्टेशन उभारायचं ठरवलं तर लडाखमधल्या हानलेसारख्या कोरड्या जागा आणि त्यांना जोडीदार म्हणून दुसरा हवामानपट्टा, असा विचार करावा लागेल. एखाद्या एमटेकच्या विद्यार्थ्याने उपग्रहांच्या ढगनोंदी घेऊन हे गणित मांडलं तर ते मनापासून वाचायला मला आवडेल.

पायरी ६: कुठे शिकायचं, कुठे अर्ज करायचा

भारतात: तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी हे अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं महाविद्यालय, आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास, कोचीन विद्यापीठाचं फोटॉनिक्स केंद्र. संशोधनासाठी अहमदाबादची पीआरएल, म्हणजे फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, आणि इस्रोचं स्पेस अ‍ॅप्लिकेशन्स सेंटर. २०२१ मध्ये इस्रोने अहमदाबादेत ३०० मीटर अंतरावर मोकळ्या हवेतून क्वांटम संवाद करून दाखवला. त्याची दुर्बीण आणि नेमाची बाजू याच विद्येची. बंगळुरूची लिओस ही इस्रोची इलेक्ट्रो-ऑप्टिक्स प्रयोगशाळा, डेहराडूनची आयआरडीई ही डीआरडीओची उपकरणांची प्रयोगशाळा. बंगळुरूतच अ‍ॅस्ट्रोगेट लॅब्ससारख्या छोट्या कंपन्या लेसर टर्मिनलवर काम करतात. छोट्या जागी पहिल्या वर्षीच सगळ्या पायऱ्यांवर हात फिरतो, म्हणून मी ती निवड हलकी मानत नाही.

परदेशात अ‍ॅरिझोना, रॉचेस्टर, सेंट्रल फ्लोरिडा ही ऑप्टिक्सची जुनी ठिकाणं, जर्मनीत येना. पण कर्ज काढण्याआधी एक गोष्ट घरच्यांसमोर स्पष्ट ठेवा. अमेरिकेत यानावरच्या उपकरणांना निर्यात नियंत्रणाचे कायदे लागू होतात. नासाच्या सरकारी नोकऱ्या नागरिकांसाठी असतात, आणि लेसर टर्मिनल बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकच घेतात. युरोपियन स्पेस एजन्सीच्या नेहमीच्या जागा सदस्य देशांच्या नागरिकांसाठी, आणि भारत सदस्य नाही. ही दारं बंद आहेत म्हणून क्षेत्र बंद होत नाही: विद्यापीठांतलं खुलं संशोधन, जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संस्थेसारख्या संस्था, फायबर आणि लायडारच्या (लेसरने अंतर मोजणाऱ्या उपकरणांच्या) कंपन्या, यांतून लोक येतात. पण दोन वर्षं शिकून झाल्यावर हे कळणं फार जड जातं. प्रवेश घेण्याआधीच तिथल्या प्राध्यापकांना ईमेलने विचारा: तुमच्या गटातल्या परदेशी विद्यार्थ्यांना कुठल्या प्रकल्पांवर काम करता येतं, आणि नंतर ते कुठे गेले?

पायरी ७: मुलाखत

बायोडेटात सॉफ्टवेअरची लांबलचक यादी नको. लिंक बजेटचा तक्ता, नेम धरणाऱ्या आरशाचा आलेख, आणि फायबरमधल्या शक्तीची नोंदवही, हे तीन पुरावे जोडा. प्रश्न बहुतेक असे येतात: दुर्बिणीचा व्यास दुप्पट केला तर काय बदलेल? सगळी उत्तरं ‘चांगलं होईल’ अशी देऊ नका, शलाका निम्मी होते म्हणून नेमाची अट दुप्पट कडक होते हेही सांगा. येणारा आणि जाणारा प्रकाश कसा वेगळा कराल? फायबरमध्ये शक्ती हळूहळू कमी होते आहे, सगळ्यात आधी काय तपासाल? या शेवटच्या प्रश्नाला लेसर, तापमान, आरशाचं सरकणं, कनेक्टरची घाण, अशा क्रमाने आणि प्रत्येकासाठी एकेक मोजमाप सांगत गेलात तर समोरची माणसं खुर्चीत पुढे सरकतात.

तुमची पाळी आली की तुम्हीही एक विचारा: तुमच्या लिंक बजेटमध्ये सध्या सगळ्यात जास्त अनिश्चितता कुठल्या ओळीत आहे? त्या उत्तरावरून तुमचं पहिल्या वर्षाचं काम कळेल.